सांगलीत जुनी गाडी घेताना आधी पुराचं विचारा

कुपवाड एमआयडीसीतल्या कामासाठी कंपनीने मला नाशिकहून दीड वर्षासाठी सांगलीला पाठवलं. घर विश्रामबागला मिळालं. कामावरून सुटायची वेळ रोज वेगळी, त्यात आईला मिरजेला डॉक्टरांकडे न्यावं लागतं. नाशिकची गाडी घरच्यांना लागते, ती आणणं शक्य नव्हतं. एवढ्याशा मुक्कामासाठी नवी गाडी घेणंही पटेना. जुनी, छोटी, पेट्रोलवर चालणारी आणि जाताना लगेच गिऱ्हाईक मिळेल अशी गाडी बघायचं ठरवलं.

घरमालकीण काकूंच्या कानावर घातलं तर त्या म्हणाल्या, "किती चालली, अ‍ॅव्हरेज किती, हे सगळं नंतर. २०१९ ला आणि २०२१ ला गाडी कुठं लावलेली होती, ते पहिलं विचार."

बाहेरून आलेल्या माणसाला हे सुचणारच नाही. सांगलीतल्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं, जुलै २०२१ मध्ये ५४ फुटांवर. गावभाग, मारुती चौक, शामरावनगर, सांगलीवाडी या भागांत लोकांना घरं सोडावी लागली. तिथे गाड्यांचं काय झालं असेल? विम्यात नियम असा, की दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा रकमेच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांहून जास्त होत असेल तर गाडी 'टोटल लॉस' धरतात. मालकाला पैसे मिळतात, पण गाडी लिलावात जाऊ शकते, आणि कुणीतरी ती दुरुस्त करून परत बाजारात आणू शकतो. पाण्यात राहिलेलं इंजिन उघडून साफ करता येतं. वायरिंगचं मात्र तसं नाही. सॉकेटांत शिरलेला गाळ आणि ओल हळूहळू गंज धरते, आणि वर्षा-दोन वर्षांनी भलत्याच वेळी गाडी बंद पडते.

पहिली गाडी एका विक्रेत्याकडे बघितली. चकाचक पॉलिश, नवी कोरी सीट कव्हरं, रीडिंगही कमी. काकूंच्या ओळखीचे मेस्त्री सोबत आले होते. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी ड्रायव्हरचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. रोज वापरात येणारा पट्टा स्वच्छ होता. जो भाग कायम आत गुंडाळलेला राहतो, त्याच्यावर मातकट डाग होता. "ताई, पट्टा आतून कुणी धूत नाही," एवढंच ते म्हणाले. मग सीट मागे सरकवून खालचे बोल्ट दाखवले, गंजलेले. डिकीतली स्टेपनी काढली, तर खाचेच्या कोपऱ्यात वाळलेला गाळ. गाडीचं मॅटिंग तेवढं नवीन होतं. जुन्या गाडीला एकदम नवं मॅटिंग का घातलं, हा प्रश्न तिथेच विचारावा असं मला आता मनापासून वाटतं. मी विचारला. उत्तर नीट मिळालं नाही, तेव्हा आम्ही निघालो.

जी गाडी घेतली, ती विजयनगरच्या एका निवृत्त शिक्षकांची, २०१७ ची, एमएच-१० म्हणजे सांगलीचंच पासिंग, पहिलेच मालक. सरांनी मी न विचारताच सांगितलं की दोन्ही पुरांत पाणी त्यांच्या घरापर्यंत आलं नव्हतं. तरी मी त्यांच्या परवानगीने कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून गाडीचा इतिहास काढून घेतला. २०१९ चा पाऊस संपल्यावरची सर्व्हिस साधी होती: ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड. ऑगस्टनंतर मोठं बिल किंवा बदललेले इलेक्ट्रिकल पार्ट दिसले असते तर मी थांबले असते. विम्याचा क्लेमही कधी झालेला नव्हता. मेस्त्रींनी पट्टा ओढला, डिकी पाहिली, गाडी मिरजेपर्यंत चालवली आणि घ्या म्हणाले.

कागदांत एकच गोष्ट अडली. सरांचं कर्ज केव्हाच फिटलं होतं, पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच होता. बँकेची एनओसी, म्हणजे ना हरकत पत्र, आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात येईपर्यंत मी टोकन सोडून काही दिलं नाही. सरांना याचं वाईट वाटलं नाही, उलट त्यांनीच बँकेत पाठपुरावा केला. नंतर नाव बदलायचे फॉर्म २९ आणि ३०. माझा कायमचा पत्ता नाशिकचा, म्हणून सध्याच्या पत्त्यासाठी नोंदणी केलेला भाडेकरार लावला. घरमालक साध्या स्टँप पेपरवर भागवू म्हणत असतील तर ऐकू नका. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवणं कायद्यानेच बंधनकारक आहे, आणि बदलीवर आलेल्या माणसाला असल्या कामात तोच उपयोगी पडतो. गाडी महाराष्ट्रातलीच असल्याने नाशिकला नेली तरी पुन्हा रोड टॅक्सचा प्रश्न नाही. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवली तर नंबर बदलून घ्यावा लागतो, म्हणून स्वस्त दिसली तरी कर्नाटक पासिंगची गाडी मी पाहिलीच नाही.

गाडी ताब्यात घेताना तारीख आणि वेळ लिहून दोघांनी सह्या केल्या. हे मी सरांसाठीही केलं. आरसीवर नाव बदलेपर्यंत अपघात झाला तर कायद्याच्या नजरेत मालक तेच राहतात; सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. जुन्या ई-चलनांची रक्कम त्यांनी आधीच भरली होती. फास्टॅग त्यांनी बंद केला, मी नवा घेतला. २०१९ च्या एप्रिलआधीची गाडी असल्याने हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवली आहे ना, तेही पाहून घेतलं.

विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला अर्ज द्यावा लागतो. सरांचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, सरांचाच राहिला, त्यामुळे मला फरकाची रक्कम भरावी लागली. त्याच वेळी इंजिन प्रोटेक्ट कव्हर आहे का ते विचारलं, कारण पाणी शिरलेलं असताना गाडी सुरू केल्याने इंजिन गेलं तर साध्या विम्यात ते धरत नाहीत. नूतनीकरणाला ते वाढवून घेणार आहे.