काट्यावर अडकलेले फोटो

दारव्हा तालुक्यातील ज्या जिनिंगची खरेदी प्रणाली मी सांभाळतो, तेथे ऐन हंगामात काटापावतीचे फोटो अपलोड होईनासे झाले. कार्यालयाचे वायफाय सोडून काट्याकडे चालत जाताना ही अडचण हमखास येई. "भाऊ, हे नुसतं फिरूनच राहिलं," असे काट्यावरच्या ताई मोबाइल दाखवून सांगत होत्या आणि कास्तकारांच्या गाड्या फाटकाबाहेर खोळंबल्या होत्या.

वायफायवरून मोबाइल नेटवर्कवर जाताच फोनचा आयपी पत्ता बदलतो आणि टीसीपीची (इंटरनेटवर माहिती क्रमाने पोहोचवणाऱ्या पद्धतीची) जुनी जोडणी तुटते. शिवाय एचटीटीपी-२ मध्ये, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या संवादाच्या नियमांच्या या आवृत्तीत, सगळे फोटो एकाच जोडणीतून जात असल्याने एक पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) हरवले तरी मागचे सारे तुंबते. २०२१ साली प्रमाणित झालेला, टीसीपीऐवजी वापरता येणारा क्विक प्रोटोकॉल जोडणीला आयपीवरून नव्हे, तर तिच्या स्वतंत्र क्रमांकावरून ओळखतो. त्यामुळे त्यावर चालणारा एचटीटीपी-३ गावखेड्यातल्या तुटक नेटवर्कसाठी चैन नसून गरज आहे, असे माझे ठाम मत आहे.

आमच्या कंटेनरांपुढे (प्रोग्राम वेगवेगळे चालवणाऱ्या बंदिस्त कप्प्यांपुढे) कॅडी हा रिव्हर्स प्रॉक्सी, म्हणजे बाहेरच्या विनंत्या घेऊन आत पोहोचवणारा प्रोग्राम, आहे आणि २.६ आवृत्तीपासून त्यात एचटीटीपी-३ आपोआप सुरू असतो. तरीही लॉगमध्ये प्रत्येक विनंतीपुढे एचटीटीपी-२ हेच दिसत होते. उत्तरासोबत जाणारे ऑल्ट-सर्व्हिस हेडर मात्र एचटीटीपी-३ उपलब्ध असल्याचे प्रत्येक ब्राउझरला सांगत होते. कंटेनर चालवणाऱ्या डॉकरची कंपोझ फाइल, म्हणजे कंटेनरांची मांडणी लिहिलेली फाइल, उघडल्यावर उलगडा झाला. पोर्टच्या (सर्व्हरमध्ये शिरण्याच्या क्रमांकित दाराच्या) ओळीत फक्त '४४३:४४३' होते; डॉकर त्याचा अर्थ टीसीपी असाच घेतो आणि क्विक तर यूडीपी या टीसीपीहून वेगळ्या पद्धतीवरून येतो. उत्तर न मिळाल्यास ब्राउझर मुकाट्याने एचटीटीपी-२ वर राहतो, कुठेही एरर दिसत नाही, म्हणून हा दोष कितीही काळ लपून राहू शकतो.

'४४३:४४३/यूडीपी' ही ओळ वाढवली, सर्व्हरच्या फायरवॉलमध्येही तेच पोर्ट यूडीपीसाठी खुले केले आणि कॅडीचा कंटेनर पुन्हा उभा केला. अ‍ॅपच्या कंटेनरला हात लावावा लागला नाही, कारण प्रॉक्सी त्याच्याशी पूर्वीप्रमाणेच एचटीटीपी-१.१ मध्ये बोलतो. थोड्याच वेळात लॉगमध्ये एचटीटीपी-३ ची पहिली नोंद आली. ताईंनी कार्यालयातून फोटो पाठवायला घेतला, चालत काट्यापर्यंत गेल्या आणि तो पूर्ण अपलोड झाला. प्रत्येक फोनवर आणि ब्राउझरमध्ये नेटवर्क बदलूनही जोडणी टिकेलच असे नाही, हे मी त्यांना तेव्हाच सांगून ठेवले.

कॅडीच्या लॉगमध्ये यूडीपीचा रिसीव्ह बफर (आलेली माहिती तात्पुरती साठवण्याची जागा) अपुरा असल्याची सूचनाही होती. ही मर्यादा यजमान सर्व्हरच्या कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) वाढवावी लागते. शेवटची गाडी रिकामी झाल्यावर तेही काम उरकले.