फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीचा व्हील हॉप आणि टॉर्क स्टिअर कसा कमी केला – माझा अनुभव, इंदूर

सिग्नल सुटला आणि गाडी जरा जोरात काढली की पुढच्या चाकांतून धडधडधड असा दणका, पार डॅशबोर्ड हलतो, आणि सेकंड गिअरमधे टर्बोचा बूस्ट (जास्तीचा जोर) आला की स्टिअरिंग आपोआप उजवीकडे ओढतं. पहिला आजार व्हील हॉप, दुसरा टॉर्क स्टिअर. माझ्या सेकंडहँड डिझेल हॅचबॅकला (फ्रंट व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिनचा जोर पुढच्या चाकांना) ह्या दोन्ही तक्रारी होत्या. आता दोन्ही इतक्या कमी झाल्यात की घरच्यांना जाणवतही नाहीत, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय, कारण ह्या विषयावर मराठीत काही सापडत नाही आणि गॅरेजमधे विचारलं तर जो तो आपापला महागडा पार्ट सांगतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हे दोन आजार वेगळे आहेत. बऱ्याचदा सोबत येतात म्हणून लोक एकच समजतात, पण एकाचं औषध दुसऱ्याला पूर्ण लागू पडत नाही.

व्हील हॉप म्हणजे काय, तर तुम्ही जोरात पिकअप दिला की गाडीचं वजन मागे जातं, पुढची चाकं हलकी होतात, टायर रस्त्याला धरतो, सोडतो, परत धरतो, परत सोडतो. फळ्यावर खडू उभा धरला की किर्रर्र करतो ना, तोच प्रकार. टायर धरतो तेव्हा चाक पुढे जायला बघतं, लोअर आर्मचा (चाकाला खालून गाडीशी जोडणारा दांडा) बुश, म्हणजे सांध्यातलं रबर, दाबला जातो, इंजिन त्याच्या रबरी आधारांवर, म्हणजे माउंटिंगवर, मागे झुकतं, टायरची साइडवॉलसुद्धा पिळली जाते. मग टायर सुटला की हे सगळं रबर एकदम परत येतं आणि टायर परत धरतो. हे सेकंदाला १०-१५ वेळा होतं, म्हणून तो धडधड आवाज. आणि हे नुसतं आवाजाचं प्रकरण नाहीये, प्रत्येक झटका एक्सल (चाकाला जोर नेणारा दांडा), त्याच्या टोकांचे सीव्ही जॉइंट आणि गिअरबॉक्सच्या डिफरन्शियलला (दोन्ही चाकांना जोर वाटणारा भाग) बसतो, तेव्हा हॉप सुरू झाला की लगेच ॲक्सिलरेटर सोडायचा, दाबून धरून बाहेर काढायला बघायचंच नाही.

टॉर्क स्टिअरची गोष्ट जरा गहन आहे. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन आडवं असतं आणि गिअरबॉक्स त्याच्याच टोकाला लावलेला असतो. ही मांडणी फियाटचे इंजिनियर दान्ते जाकोसा यांची, १९६४ ची ऑटोबियांकी प्रिमुला आणि मग १९६९ ची फियाट १२८, तिथून ती जगभर पसरली. जागा फार वाचते, पण डिफरन्शियल मधोमध येत नाही, एका बाजूला सरकतो, त्यामुळे एक एक्सल छोटा आणि एक लांब. छोट्या एक्सलचा कोन जास्त पडतो, आणि कोनात फिरणारा जॉइंट टॉर्क (फिरवणारा जोर) नेताना चाकाला थोडं वळवायला बघतो. दोन्ही बाजूंचं वळवणं सारखं असेल तर टाय रॉडमधून (स्टिअरिंगला चाकांशी जोडणारे दांडे) एकमेकांना रद्द करतं. सारखं नसेल तर उरलेलं तुमच्या हातात येतं. शिवाय चाक ज्या अक्षावर वळतं तो अक्ष चाकाच्या केंद्रातून जात नाही, थोडा आत असतो, त्यामुळे दोन चाकांची ओढ कमीजास्त झाली तरी स्टिअरिंग खेचलं जातं. म्हणजे टायर, हवा, बुश, माउंटिंग, डावी-उजवी बाजू जिथे जिथे वेगळी असेल तिथून हा आजार वाढतो. माझ्या सगळ्या कामाचा पाया हाच होता, की दोन्ही बाजू सारख्या करायच्या आणि मधला ढिलेपणा काढायचा, पॉवरला हातच लावायचा नाही.

टेस्ट कुठे करायची हा प्रश्न होता. ट्रॅफिकच्या रस्त्यावर असली कामं करणं मला पटत नाही. आपल्या शेजारी पीथमपूरला नॅट्रॅक्स आहे, ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक, २०२१ मधे सुरू झाला, पण ती कंपन्यांच्या टेस्टिंगची जागा. माझ्या मावसभावाचं देवास नाक्याकडे ट्रान्सपोर्टचं गोदाम आहे, तिथलं काँक्रीटचं अंगण रविवारी रिकामं असतं, तिथे हॉप बघितला. दादा बाहेर उभा राहून मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ काढायचा. हे जरूर करा, आतून जे कळत नाही ते व्हिडिओत दिसतं. माझ्या व्हिडिओत डावं चाक मडगार्डच्या आत चक्क पुढे-मागे हलताना दिसलं. चाकानी वर-खाली व्हायला पाहिजे, पुढे-मागे इतकं नाही.

टॉर्क स्टिअर मात्र घाटात कळला. ओंकारेश्वरहून परत येताना भेरूघाट चढतो तेव्हा चढामुळे पुढचा भाग आधीच हलका, त्यात ट्रकला ओव्हरटेक करायला पिकअप दिला की स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे नेमकं समोरून येणाऱ्या गाड्यांकडे. बायको शेजारी बसलेली, ती म्हणाली, "अहो, गाडी अशी का ओढतेय, आधी दाखवून घ्या." तेव्हाच ठरवलं की हे नीट करायचं.

एका गॅरेजमधे बघताक्षणी दोन्ही एक्सल बदला असं सांगितलं. पण एक्सल खराब असला तर स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू फिरवली की कटकट आवाज येतो, आणि आतला जॉइंट गेला असेल तर सरळ पिकअपमधे गाडी थरथरते. माझ्याकडे दोन्ही नव्हतं, जॉइंटवरचे रबरी बूटही फाटलेले नव्हते. मग मी राजेंद्र नगरच्या आमच्या काकांना विचारलं, ते पीथमपूरच्या कारखान्यातून रिटायर झालेत, त्यांनी एक साधी परीक्षा सांगितली. सपाट रस्त्यावर गाडी न्यूट्रलमधे टाकून हात सैल ठेव. तेव्हाही ओढत असेल तर तो टॉर्क स्टिअर नाही, अलाइनमेंट, टायर नाहीतर ब्रेक चिकटतोय ते बघ (आणि आपले रस्ते पाणी जायला डावीकडे उतरते असतात, तेवढी डावी ओढ धरायची नाही). फक्त पिकअपमधे ओढते आणि पाय काढला की उलट बाजूला झटका देते, तर लोअर आर्मचा बुश गेलेला समज. माझी गाडी नेमकं हेच करत होती.

तरीपण आधी टायर बघितले, कारण ते फुकट आहे. पुढे दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे टायर निघाले, एक बराच घासलेला. पहिल्या मालकानी एक फाटला असेल तेव्हा एकच बदलला असणार. हे फ्रंट व्हील ड्राइव्हला अजिबात चालत नाही, दोन टायरचा घेर वेगळा, पकड वेगळी, म्हणजे ओढ वेगळी. एक सोपी तपासणी म्हणजे पुढचे दोन टायर आपसात बदलायचे, ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा (टायरवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असेल तर हे करू नका). माझी ओढ बाजू बदलली नाही, थोडी कमी झाली फक्त. मग पुढे एकसारखी नवी जोडी घातली आणि हवा सकाळी गाडी थंड असताना दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे दोन्हीकडे अगदी सारखी भरली. पंपावर अंदाजे भरलेली हवा हा मोठा दोष आहे, स्वतःचा गेज ठेवा. चाकाच्या केंद्रापासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंचं माप पण घेतलं, ते सारखं आलं, म्हणजे एका बाजूची स्प्रिंग दबून खाली बसलेली नव्हती, त्यामुळे तिकडे पैसे घातले नाहीत.

आता मुख्य काम. लोअर आर्मला दोन बुश असतात, पुढचा कडक आणि मागचा मोठा, मऊ. मागचा मऊ ठेवतात म्हणजे खड्ड्याचा धक्का केबिनमधे येत नाही, पण पिकअपमधे सगळा ताण त्याच्यावरच येतो. आमच्या ओळखीच्या उस्तादांनी गाडी लिफ्टवर घेऊन टॉमी (लोखंडी कांब) लावून आर्म ढकलला तर डाव्या बाजूचं रबर सरळ फाटलेलं दिसलं, उजव्याला तडे. ते म्हणाले, "भिया, पेले ये करो, बाकी बाद में देखेंगे." दोन्ही बाजूंचे बदलले. एकच बाजू बदलणं ह्या आजारात निरर्थक आहे, परत डावं-उजवं वेगळं होतं.

आणि इथे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी बहुतेक ठिकाणी पाळत नाहीत. नवीन बुशचे बोल्ट चाकं लटकलेली असताना फायनल टाइट करायचे नाहीत. गाडी चाकांवर, तिच्या नेहमीच्या उंचीवर आली पाहिजे आणि मगच टॉर्क रेंचनी (मोजून ठरावीक जोर देणारा पाना) टाइट करायचे. लटकत टाइट केले की गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं, लवकर फाटतं आणि सहा महिन्यांत लोक म्हणतात पार्ट डुप्लिकेट होता. उस्तादांनी गाडी रॅम्पवर चढवून खालून टाइट केले, मी स्वतः उभं राहून बघितलं.

नंतर इंजिन माउंटिंग. माझ्या गाडीत वरचे दोन आणि खाली एक टॉर्क रॉड, म्हणजे तो छोटा डंबेलसारखा दांडा जो इंजिनला मागे-पुढे झुकू देत नाही. बघायची पद्धत अशी, बॉनेट उघडं, हँडब्रेक ओढलेला, पाय ब्रेकवर, आणि क्लच हलकासा सोडून फर्स्टमधे, मग रिव्हर्समधे इंजिनवर जोर द्यायचा. बघणाऱ्यानी बाजूला उभं राहायचं, गाडीच्या पुढे-मागे कोणीही नको. माझं इंजिन इतकं झुकत होतं की रेडिएटरच्या फॅनची काळजी वाटली. इंजिन झुकलं की एक्सलचे कोनही बदलतात, म्हणजे हॉप आणि टॉर्क स्टिअर दोन्हींना हे कारण आहे. टॉर्क रॉडचा बुश संपलेला होता, वरचे दोन ठीक होते.

इथे पॉलियुरेथेनचा विषय येतो. रबराऐवजी पॉलीचा बुश किंवा इन्सर्ट टाकला तर इंजिन जवळजवळ हलत नाही, हॉपला तर फारच फरक पडतो, पण डिझेल गाडीत आयडलिंगला सगळी थरथर केबिनमधे येते. माझ्या गाडीत आई बसते, तिची पाठ दुखते, म्हणून मी कंपनीचाच रबर टॉर्क रॉड घातला. ज्यांची गाडी फक्त हौसेची आहे त्यांनी पॉली जरूर लावावा, आणि लावायचाच तर फक्त खालच्या टॉर्क रॉडला लावा, तिन्ही माउंटिंग कडक केली तर रोज चालवणं अवघड होईल असं माझं मत आहे.

पुढच्या शॉकरमधून तेल गळत होतं, तेही जोडीनी बदलले, कारण चाक एकदा उडायला लागलं की त्याला थांबवायचं काम शॉकरचंच आहे. सोबत वरचं स्ट्रट बेअरिंग बदलून घ्या, ते अडकत असेल तर स्टिअरिंग वळल्यावर परत सरळ येत नाही आणि थोडी ओढही मोठी वाटते. सगळं झाल्यावर शेवटी अलाइनमेंट. आधी नाही, शेवटी. आणि नुसतं "हो गया" ऐकून निघायचं नाही, प्रिंट मागायची, त्यात टो (चाकं पुढून आत-बाहेर किती वळलीत) तर बघायचाच पण कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि कॅस्टर (वळण्याच्या अक्षाचा पुढे-मागे कल) डावीकडे-उजवीकडे किती वेगळे आहेत ते बघायचं.

फरक किती पडला? बुशनंतर पाय काढल्यावरचा उलटा झटका पूर्ण गेला. टॉर्क रॉड आणि शॉकरनंतर कोरड्या काँक्रीटवर हॉप येतच नाही, पावसात काळ्या मातीचा चिखल रस्त्यावर आलेला असला तर चाक नुसतं फिरतं, उडत नाही, आणि ट्रॅक्शन कंट्रोल लगेच सांभाळून घेतो. टॉर्क स्टिअर थोडा उरलाय, सेकंडमधे पूर्ण दाबलं तर, पण तो छोट्या-लांब एक्सलचा आहे, तो बुश बदलून जाणार नाही. मोठ्या पॉवरच्या गाड्यांत कंपन्या मधे एक जास्तीचा शाफ्ट देऊन दोन्ही एक्सल सारख्या लांबीचे करतात. फोर्डनी २००९ च्या फोकस आरएसमधे तर रेव्होनकल नावाची वेगळी नकल (चाक धरणारा आणि वळवणारा भाग) दिली होती, त्यात वळण्याचा अक्षच चाकाच्या केंद्राजवळ आणला. ते आपण घरी करू शकत नाही. काही जण लिमिटेड स्लिप डिफरन्शियल टाकायचा सल्ला देतात, त्यानी एक चाक फुकट फिरणं थांबतं हे खरं, पण तो दोन चाकांना वेगवेगळा टॉर्क देऊ शकतो, म्हणजे स्टिअरिंगची ओढ उलट वाढू शकते. माझ्या गाडीसाठी तरी मला तो खर्च पटला नाही.

चालवण्यात मी एवढंच बदललं की बूस्ट यायच्या वेळेला, माझ्या गाडीत १७०० आरपीएमच्या पुढे, ॲक्सिलरेटर एकदम न दाबता चढवत नेतो आणि स्टिअरिंग वळलेलं असताना पूर्ण पिकअप देत नाही. घाटात ओव्हरटेकच्या आधीच गिअर कमी करून घेतो म्हणजे जोर मधेच अचानक येत नाही. काम झाल्यावर थोडी गाडी चालवून लोअर आर्मचे आणि टॉर्क रॉडचे बोल्ट परत एकदा टॉर्क रेंचनी तपासून घ्या, माझा टॉर्क रॉडचा एक बोल्ट किंचित फिरला होता.