आमची वाटचाल: ईईजी मशीनच्या सर्व्हिसिंगपासून ब्लॉकचेनपर्यंत

सुरुवातीला आम्ही फक्त ईईजी मशीनची, म्हणजे मेंदूतले विद्युत संकेत नोंदवणाऱ्या मशीनची, सर्व्हिसिंग करायचो. पुणे, सातारा, सांगली, सोलापूर पट्ट्यातली छोटी हॉस्पिटलं, इलेक्ट्रोडच्या वायरी बदलायच्या, पेस्ट पुरवायची, एवढंच काम. पण मशीनशेजारी बसलं की दिसायचं, टेक्निशियन रेकॉर्डिंगची फाईल पेन ड्राइव्हवर नाहीतर व्हॉट्सॲपवर टाकून पुण्याच्या न्यूरोलॉजिस्टकडे पाठवतोय, आणि त्या ईडीएफ (ईईजीचं रेकॉर्डिंग साठवायचा एक फॉरमॅट) फाईलच्या सुरुवातीलाच पेशंटच्या माहितीसाठी ८० अक्षरांची जागा असते, त्यात बऱ्याचदा पूर्ण नाव आणि जन्मतारीख. फाईलचं नाव बदललं तरी आतलं तसंच राहतं.

फिट येणाऱ्या मुलीचं लग्न जमवताना घरच्यांच्या जिवाला काय घोर लागतो ते ज्यांनी बघितलंय त्यांना यातली भीती सांगायला नको. १९९९ पर्यंत तर हिंदू विवाह कायद्यातच अपस्माराचा, म्हणजे फिटच्या आजाराचा, उल्लेख होता, त्या वर्षी दुरुस्ती होऊन तो गेला, पण लग्नाच्या बैठकीतून अजून गेला नाही. हे गावात कुणाला कळणार नाही ना, असं आया टेक्निशियनला विचारायच्या आणि त्याच्याकडे ठाम उत्तर नसायचं. ते उत्तर देता यावं म्हणून आम्ही सॉफ्टवेअरमध्ये उतरलो.

त्यासाठी ब्लॉकचेन घेतलं, म्हणजे अनेकांकडे प्रत असलेली, मागचं गुपचूप बदलता न येणारी नोंदवही. ब्लॉकचेन म्हटलं की डॉक्टरांना बिटकॉइन आठवतो. आमच्यात कॉइन वगैरे काही नाही, हायपरलेजर फॅब्रिक नावाचं ब्लॉकचेन सॉफ्टवेअर वापरतो, ज्यात ओळख पटलेली हॉस्पिटलंच सामील होतात. आणि मेंदूचा डेटा चेनवर जातच नाही, हे मी प्रत्येक मीटिंगला आधी सांगतो. २० मिनिटांचं २१ चॅनेलचं रेकॉर्डिंग साधारण १२-१३ एमबीचं होतं, ते एन्क्रिप्ट होऊन, म्हणजे डिजिटल चावीशिवाय वाचता येणार नाही असं होऊन, हॉस्पिटलच्याच सर्व्हरवर राहतं. चेनवर फक्त त्या एन्क्रिप्टेड फाईलचा हॅश (फाईलवरून काढलेला, तिच्या बोटाच्या ठशासारखा कोड), परवानगी कुणाला दिली त्याची नोंद, आणि फाईल कुणी कधी उघडली ते. नोंद पडल्याशिवाय फाईल उघडायची चावी मिळत नाही, आणि नोंदीची प्रत प्रत्येक हॉस्पिटलकडे असल्यामुळे एका ठिकाणच्या ॲडमिननं गुपचूप लॉग पुसला तरी बाकीच्यांकडे तो राहतोच. माझ्या मते सगळी किंमत इथंच आहे, नाहीतर साधा डेटाबेस पुरला असता.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते डिलीट करण्यानं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात माणसाला आपली माहिती पुसून मागायचा हक्क आहे आणि चेनवरचं तर पुसता येत नाही, मग करायचं काय? म्हणून चेनवर नाव, नंबर काहीच ठेवलं नाही आणि प्रत्येक पेशंटला वेगळी चावी दिली, पेशंटनं सांगितलं की फाईल काढायची आणि चावी नष्ट करायची, म्हणजे बॅकअपमध्ये कुठे प्रत राहिली असली तरी ती कुणाला वाचता येत नाही.

नुसतं नाव काढलं की झालं, असं अजून बरेच जण म्हणतात. २०१९ मध्ये अमेरिकेत ८४ जणांच्या डोक्याच्या एमआरआयवरून चेहरे तयार करून ते फोटोंशी जुळवून बघितले तर ७० जण बरोबर ओळखले गेले. त्यामुळे आमच्याकडे एमआरआय बाहेर जायच्या आधी त्यातला चेहऱ्याचा भाग काढला जातो. चिलीनं २०२१ मध्ये थेट राज्यघटनेत मेंदूच्या डेटाला संरक्षण दिलं, आपल्या कायद्यात त्याचा वेगळा उल्लेखच नाही, तो यायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

एक गोष्ट हॉस्पिटलला स्पष्ट सांगतो, स्क्रीनचा कुणी मोबाईलवर फोटो काढला तर आमची सिस्टीम तो थांबवू शकत नाही. ते स्टाफच्या ट्रेनिंगचं काम, तेही आम्हीच जाऊन घेतो.

सध्या काम चाललंय ते परवानगीवर. फाईल उघडली की घरच्यांना साधा एसएमएस जातो, स्मार्टफोन नसला तरी चालतं, आणि उलटा मेसेज पाठवून परवानगी बंद करता येते. मराठी मजकूर तयार आहे, जत भागातल्या पेशंटसाठी कन्नड तपासून घेणं चालू आहे.