३० जूनची मोजदाद

३० जून २०१७ च्या शुक्रवारी सायंकाळी मी साताऱ्यातील एका जुन्या किराणा दुकानात मालाची मोजदाद करण्यासाठी गेले. मध्यरात्रीपासून वस्तू व सेवा कर लागू होणार होता, आणि जुन्या करापोटी भरलेल्या रकमेची वजावट पुढे न्यायची, तर त्या दिवशीचा शिल्लक माल कागदावर येणे आवश्यक होते. करसल्लागार म्हणून त्या आठवड्यात मी अनेक दुकानांत बसले होते. परंतु १९३८ पासून एकाच कुटुंबाने चालवलेले हे त्यांतील एकमेव. गल्ल्यावर सत्तरी ओलांडलेले अण्णा होते, तर संगणकावर त्यांचा मुलगा.

काम किचकट होते. तेव्हाच्या दरांनुसार सुटी तूरडाळ करमुक्त, तीच नोंदणीकृत ब्रँडच्या पिशवीत असली की ५ टक्क्यांची. गूळ करमुक्त, साखर ५ टक्क्यांची, तूप १२, साबण १८. "ताई, पोत्याला हात लावला की किती उरलंय ते मला कळतं," असे अण्णा म्हणाले; काट्यावर दीड किलोचा फरक निघाला आणि पुढची सर्व पोती आम्ही काट्यावरच घेतली.

दहाच्या सुमारास मुलगा माळ्यावर चढला. काड्यापेट्यांच्या खोक्यांमागे एका लाकडी पेटीत लोखंडी वजने होती: शेर, अच्छेर (अर्धा शेर), पावशेर, नवटाक (शेराचा आठवा भाग). ८० तोळ्यांचा शेर म्हणजे साधारण ९३३ ग्रॅम. पेठेतील म्हाताऱ्या बायका अजूनही पावशेर मागतात आणि पाव किलो घेऊन जातात. पेटीच्या तळाशी लाल कापडी बांधणीच्या वह्या होत्या. त्यांतील मोडी अक्षर मला वाचता येत नव्हते. अण्णांना येत होते. मोजदाद थांबवून मी त्यांना एक वही उघडायला सांगितली, हे व्यवसायाच्या दृष्टीने चुकलेच, कारण मध्यरात्रीला दोनच तास उरले होते.

ती १९५६ च्या दिवाळी पाडव्याला सुरू झालेली रोजमेळाची, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची, वही होती. १ एप्रिल १९५७, सोमवार, येथे रकाने बदलले होते. रुपये, आणे, पै यांच्या जागी रुपये आणि नये पैसे आले, आणि उजवीकडे अण्णांच्या वडिलांनी स्वतः आखलेला एक अरुंद रकाना: तूट. रुपयाचे पूर्वी सोळा आणे, आता शंभर नये पैसे; म्हणजे आण्याचे खरे मूल्य सव्वासहा नये पैसे. सरकारी कोष्टकाने एका आण्याला ६, दोन आण्यांना १२, तीन आण्यांना १९ ठरवले होते. म्हणजे आण्या-दोन आण्यांच्या मालावर दुकानाचे नुकसान होते आणि तीन आण्यांच्या मालावर पाव पैशाचा फायदा. वडिलांनी मात्र तीन आण्यांनाही १८ च घेतले होते आणि उरलेला पाऊण पैसा तुटीत मांडला होता. महिनाअखेरची बेरीज साडेतीन रुपयांच्या आत होती. हिशेबनिसाच्या नजरेने पाहता या तीन ओळींतील एकुलती एक फायद्याची ओळ त्यांनी सोडून दिली होती. मी तसे म्हणाले, तेव्हा अण्णा हसले. रोज आण्याचा चहा आणि साखर नेणाऱ्या मजुरांना ते कोष्टक पाठ होते आणि समोरच दुसरे दुकान होते, एवढेच त्यांनी सांगितले. म्हणजे तो निव्वळ उदारपणा नव्हता.

साडेअकराला आम्ही पुन्हा हिंगाच्या डब्यांपाशी आलो. मुलगा नव्या बिलाचा नमुना भरत होता. करासह येणारी रक्कम पूर्ण रुपयात आणण्यासाठी 'राउंड ऑफ' असे खाते उघडावे लागते, असे तो म्हणाला.

"वर का खाली?" अण्णांनी विचारले.

तिन्ही पर्याय आहेत, मुलगा म्हणाला: जवळच्या रुपयाला, वर किंवा खाली. अण्णांनी मांडीवरच्या वहीकडे पाहिले नाही. मुलाने 'खाली' निवडले आणि मी हिंगाचे डबे मोजायला घेतले. पन्नास ग्रॅमचे एकोणीस निघाले.