१७ मार्चची दुपार

फेब्रुवारी लागला की मंडळाच्या बैठकीत तोच विषय निघतो. अनुताई वाघांच्या आठवणीत होणाऱ्या आमच्या मेळाव्याची तारीख यंदा बदलायची का? मार्चमध्ये परीक्षा असतात, मार्चएंडचे अहवाल असतात, त्यात डोक्यावर ऊन. माणसं येत नाहीत. मग कुणीतरी त्यांच्या पुण्यतिथीचा दिवस सुचवतं, २७ सप्टेंबर. तेव्हा कधी गणपती असतात, कधी नवरात्र तोंडावर आलेलं असतं आणि आमच्या डहाणूकडचा पाऊस तर विचारूच नका. ओढ्याला पाणी असताना पाड्यावरची बाई येणार कशी? हे सगळं खरं आहे, पण माझा विरोध त्यासाठी नाही. अनुताई वाघांचा जन्म १७ मार्च १९१०चा. ज्या बाईने सगळी हयात लहान मुलांत काढली, तिची आठवण जन्मदिवशीच काढावी, असं मला मनापासून वाटतं. चिटणीस म्हणून दरवर्षी मी ते ठासून सांगते आणि तारीख तीच राहते.

आमचं मंडळ म्हणजे तालुक्यातल्या बालवाडी शिक्षिका, अंगणवाडी सेविका, मदतनीस आणि निवृत्त झालेल्या आम्ही काही जणी. वर्षातून एकदा हा मेळावा. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, गुलाबाचं फूल, अहवालवाचन हे सगळीकडे होतं तसं आमच्याकडेही होतं. त्याबद्दल लिहीत बसत नाही. टेबलावर मात्र आम्ही दोन फोटो ठेवतो, एक ताराबाई मोडकांचा आणि एक अनुताईंचा. पहिला हार ताराबाईंना. नवीन आलेल्या मुली विचारतात, कार्यक्रम अनुताईंचा, मग असं का? त्याचं उत्तर प्रास्ताविकात येतं आणि ते प्रास्ताविक माझ्याकडे असतं.

मी ते थोडक्यात उरकते, तरी काही गोष्टी सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. अनुताईंचं लग्न झालं तेव्हा त्या तेरा वर्षांच्या होत्या. सहा महिन्यांच्या आत नवरा गेला. त्या काळात अशा मुलीचं पुढे काय व्हायचं, हे समोर बसलेल्या कुणाला समजावून सांगावं लागत नाही. त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या, चांदवडला आणि मग पुण्यात हुजूरपागेत शिकवू लागल्या. १९४५ साली बोरिवलीच्या शिबिरात ताराबाईंची गाठ पडली. ताराबाईंच्या पाठीशी तोवर मोठं काम उभं होतं. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालमंदिर चालवलेलं, १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केलेला. आता त्यांना हे शिक्षण शहराबाहेर, ज्यांच्या घरी खायचीच भ्रांत त्यांच्या मुलांपर्यंत न्यायचं होतं. अनुताई पुणं सोडून त्यांच्याबरोबर बोर्डीला आल्या. त्याच वर्षी तलासरी-डहाणूच्या पट्ट्यात वेठबिगारीविरुद्ध वारली आदिवासींचा उठाव पेटलेला होता. मी हे मुद्दाम सांगते, कारण ज्यांच्या आजोबांनी वेठ भोगली त्यांच्या नाती आज सेविका म्हणून माझ्यासमोर बसलेल्या असतात.

आणि मग अंगणाची गोष्ट. बोर्डीला बालवाडी थाटली, पण वस्तीतली मुलं येईनात. येणार तरी कशी? आईबाप पहाटे कामावर गेलेले, घरी धाकटं भावंड. मग या दोघींनी मुलांची वाट बघत बसण्यापेक्षा बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. पुढे १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली मुलं गुरांमागे जायची, तर शाळा त्यांच्यामागे कुरणात गेली. तीच कुरणशाळा. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली, तिचं नाव विकासवाडी. ताराबाई १९७३ साली गेल्या. त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ला, देशभरात अंगणवाड्यांची सरकारी योजना सुरू झाली. ते ताराबाईंना बघायला मिळालं नाही याची हळहळ मला दरवर्षी वाटते आणि म्हणून पहिला हार त्यांना.

पाहुण्यांचं भाषण होतं. काही पाहुणे फार चांगले लाभले. एक निवृत्त शिक्षणविस्तार अधिकारी तर पाहुणे म्हणून एकदा आले ते पुढे दरवर्षी न बोलावता येत राहिले. ते स्टेजवर न बसता खाली सतरंजीवर मदतनिसांच्या रांगेत बसतात. काहींनी मात्र आम्हाला दुखावलं आहे. दिवा लावायचा, आकडे वाचून दाखवायचे आणि पुढच्या कार्यक्रमाला जायचं आहे म्हणून निघायचं. ज्या बाया दोन गाड्या बदलून आलेल्या असतात त्यांचं एक वाक्यही ऐकायला थांबायचं नाही. त्यामुळे पुढे आम्ही कार्यक्रमाचा क्रमच बदलला. आता मनोगतं आधी आणि पाहुणे नंतर.

मनोगत हा आमच्या मेळाव्याचा जीव आहे. नियम एवढाच की बोलणारीने कागद आणायचा नाही आणि अनुताईंविषयी बोलायचं नाही, आपल्या अंगणवाडीतल्या एकाच मुलाविषयी बोलायचं. हा नियम आमच्या पहिल्या अध्यक्षबाईंनी घालून दिला. त्या कोसबाडला अनुताईंच्या हाताखाली तयार झालेल्या. त्यांचं म्हणणं असं की थोरवी कुणालाही गाता येते, पण मूल बघितलेलं असल्याशिवाय त्याच्याविषयी बोलता येत नाही.

पहिल्यांदा उभी राहिलेली बाई माइक हातभर लांब धरते. पदर सावरते. "मला बोलता येत नाही" असं म्हणून सुरुवात करते आणि मग असं काही बोलून जाते की ते वर्षभर डोक्यातून जात नाही.

एका पाड्यावरच्या सेविकेचं मनोगत मी कधी विसरणार नाही. तिच्या अंगणवाडीच्या दारात एक पाचेक वर्षांची मुलगी रोज येऊन उभी राहायची. कडेवर वर्षाचा भाऊ. आत बोलावलं तर यायची नाही, हाकललं तर जायची नाही. चौकटीला टेकून आतलं सगळं बघत राहायची. बाळ रडलं की निघून जायची. एक दिवस मदतनीस बाईने आपलं जुनं लुगडं आणलं आणि खोलीच्या कोपऱ्यात आढ्याला झोळी बांधली. काही बोलली नाही, पुढे होऊन त्या पोरीच्या कडेवरचं पोर घेतलं आणि झोळीत टाकलं. मुलगी आत आली. सेविका सांगत होती, "तिनं पहिलं काय केलं ठाव हाय का? दोन्ही हात असे पुढं धरून बघत बसली. मोकळे हात." सांगताना तिने स्वतःचे हात तसेच पुढे धरले होते आणि त्या हातात माइक आहे हे ती विसरली होती. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज गेला नाही, पण सगळ्यांना कळलं.

ती खाली बसल्यावर आमच्या अध्यक्षबाई उठल्या. त्यांचं तेव्हा वय झालेलं, काठी घेऊन चालायच्या. त्या एवढंच म्हणाल्या की ताईंनी बालवाडीला पाळणाघर जोडलं ते याच पोरीसाठी. नियमात बसत नव्हतं, तरी कुणी अडवलं नाही.

आणखी एका वर्षी याच अध्यक्षबाईंनी नखं कापून दाखवली होती. बोर्डी-कोसबाडला दिवसाची सुरुवात आंघोळ, वेणीफणी आणि नखं यांनी व्हायची. धडा नंतर. कुणी नव्या मुलीने विचारलं, मूल हात ओढून घेतं, मग कशी कापायची? बाईंनी समोरच्या एका लहानग्याला मांडीवर घेतलं. त्याची पाठ आपल्या छातीला लावली, म्हणजे त्याला आणि आपल्याला हात एकाच बाजूने दिसतो. आपल्या डाव्या तळव्यात त्याचा तळवा उताणा न धरता पालथा धरला. मग आधी करंगळी. अंगठा सगळ्यात शेवटी, कारण मुलं अंगठ्याला जपतात. तोंडाने बडबडगीत चालू. हे चालू असताना सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. पन्नास पानांची प्रशिक्षण पुस्तिका वाचून जे हाती लागणार नाही ते आम्हाला त्या एका मुलाच्या दहा नखांत मिळालं. बाई आता नाहीत. माझ्या हाताखालच्या प्रत्येक मुलीला मी नखं तशीच कापायला शिकवली.

मधल्या सुट्टीत साहित्याचं प्रदर्शन असतं. महागडी विकतची साधनं इथे ठेवायची नाहीत, हाही जुना दंडक. ताराबाईंनी मॉन्टेसरीची पद्धत घेतली, पण साधनं गावातली वापरली. शिंपले, चिंचोके, बिया, पानं, बांबूचे तुकडे, रंगीत खडे. दरवर्षी कुणी ना कुणी नवीन काहीतरी करून आणतंच. एकीने ताडगोळ्याच्या कवट्यांची लहान-मोठी उतरंड केली होती. दुसरीने बांबूच्या पेरांत वेगवेगळ्या बिया भरून आवाजाच्या जोड्या लावायचा खेळ केला. तो खेळ मोठ्या माणसांनीच इतका वेळ अडवून धरला की मुलांना जागा मिळेना. मुलांचा कार्यक्रम याच वेळी बाहेर पटांगणात होतो. तारपा वाजवायला पाड्यावरचे एक आजोबा येतात, मुलं हात धरून त्यांच्याभोवती फिरतात. नाच बसवलेला नसतो. घरी बघितलेला असतो.

आता जे मनाला लागतं तेही लिहिते. हजेरी कमी होत चालली आहे. सेविकांना मी दोष देणार नाही. त्यांच्यामागे मोबाइलमधल्या पोषण ट्रॅकर ॲपवर माहिती भरायचं काम आहे, वजन-उंची आहे, लसीकरणाचा दिवस आहे, वर कुठल्या कुठल्या सर्वेक्षणांची भर. आणि हे सगळं मानधनावर. तरी त्या येतात. रागवायचं आहे ते आमच्यातल्याच काहींवर. ज्यांनी या कामावर नाव कमावलं, मुंबई-ठाण्याला स्थायिक झाल्या, त्या दरवर्षी "मनाने तिथेच आहे" असा निरोप पाठवतात. डहाणू रोडला लोकल येते. स्टेशनवरून आणायची सोय आम्ही करतो. अनुताईंची ओळख सांगून ज्यांना व्यासपीठं मिळाली, त्यांनी वर्षातली एक दुपार द्यावी, एवढं मागण्याचा आमचा हक्क आहे.

आता ज्यांच्यामुळे हे सगळं पार पडतं त्यांच्याविषयी. आभाराच्या भाषणात घाई होते आणि माणसं राहून जातात, त्याची मला रात्री झोप लागत नाही, म्हणून इथे लिहिते. सभागृह विनाशुल्क देणारे मुख्याध्यापक सर आणि रविवार असला तरी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत किल्ल्या घेऊन थांबणारे शिपाईकाका. माइक-स्पीकरवाले दादा, जे भाड्याचे निम्मेच पैसे घेतात. सतरंज्या देणारं शेजारचं भजनी मंडळ. पहाटे पोहे आणि दुपारी नागलीचे लाडू करणाऱ्या तिघी मावशी, आणि त्यांना गॅसची शेगडी देणारा कोपऱ्यावरचा चहावाला. रांगोळी काढणाऱ्या डी.एड.च्या मुली. फलकावर सुवाच्य अक्षरात नाव लिहिणारे चित्रकला शिक्षक, ज्यांनी छापील बॅनर आजवर लावू दिला नाही. स्टेशनवरून वयस्कर बायांना आणणारे रिक्षावाले दोघे भाऊ. पाण्याचे हंडे भरून ठेवणारी त्या शाळेतली सातवीची मुलं. फोटो काढणारा आणि एकही पैसा न घेणारा स्टुडिओवाला. मंडळाच्या वहीत हिशेब पैपैचा ठेवणाऱ्या आमच्या खजिनदार ताई. शेवटी केर काढणाऱ्या मदतनीस, ज्यांना आम्ही दरवर्षी नको म्हणतो आणि त्या दरवर्षी काढतात.

आणि पाळणाघर. मेळाव्याला येणाऱ्या तरुण सेविकांची लेकरं सांभाळायला शेजारच्या वर्गात आम्ही पाळणाघर लावतो. पहिल्या वर्षापासून लावतो. त्याशिवाय अर्ध्या बायांना येताच येणार नाही. दोन जणी ते बघतात, एक निवृत्त बालवाडी शिक्षिका आणि एक तिची सून. ओली दुपटी, दुधाच्या वाट्या, भांडणं, झोपवणं. भिंतीपलीकडे टाळ्या वाजतात त्या कशासाठी, हे त्यांना कधी कळलेलं नाही. एवढ्या वर्षांत त्या दोघींनी एकही मनोगत ऐकलेलं नाही. झोळीची गोष्टही त्यांना मीच नंतर सांगितली, ती काही त्या सेविकेच्या तोंडून ऐकल्यासारखी झाली नसणार.

म्हणून येत्या १७ मार्चला पाळणाघरात मी बसणार आहे आणि त्या दोघी पहिल्या रांगेत. प्रास्ताविक दुसऱ्या कुणीतरी करावं, मुद्दे मी लिहून देते. वेळ कमी पडला तर माझ्या मंडळातल्या हकिकती गाळा, अंगणाची गोष्ट मात्र पूर्ण सांगा.