मागचा लाइट
परवा रात्री यवतमाळहून गावाकडं येत होतो तर एका मोटरसायकलवाल्या पोरानं पुढं येऊन हात केला, म्हणे भाऊ तुमचा डावीकडचा मागचा लाइट बंद आहे. कापसाचा सीझन, रोडवर बिनालाइटच्या बंड्या न ट्रॉल्या, त्यात आपलीही गाडी अंधारात, मले तर झोपच नाही आली.

सकाळी डिक्की उघडून दोन स्क्रू काढले न लाइटचं घर बाहेर ओढलं. बल्ब 12 व्होल्टचा, 21/5 वॅट, आत दोन तारा असतात, 5 वॅटची रात्रीच्या लाइटची न 21 ची ब्रेकची, म्हणून ब्रेक दाबला की पेटे न एरवी बंद. थोडा दाबून डावीकडं फिरवला की निघते. काच आतून काळी, बारकी तार तुटून लोंबत होती. होल्डरमधे हिरवट गंज, तो काचपेपरनं घासला, हे नक्की करा, नाहीतर नवा बल्बही लागत नाही.

नव्या बल्बच्या दोन पिना वरखाली असतात, उलटा बसतच नाही, जबरदस्ती करू नका. पोराले ब्रेक दाबायला लावला, मागून पाहिलं, लाल भडक! उजवीकडचाही बदलून टाकला लगेच.