मक्याची जुनी पुस्तिका ऑनलाइन दुरुस्त करताना: माझा अनुभव

मी कृषी विज्ञान केंद्रात पीक संरक्षणाचं काम बघते. आमच्याकडे मका लागवडीची एक पुस्तिका वर्षानुवर्षं छापली जायची, कव्हर नवीन आणि आत सगळं जुनंच. किती जुनं, तर खोडकिडीसाठी पोंग्यात फोरेट दाणेदार टाका असं त्यात लिहिलेलं, आणि फोरेट तर 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंद आहे. बरं, अमेरिकन लष्करी अळी (फॉल आर्मीवर्म) 2018 च्या मेमध्ये कर्नाटकात शिवमोग्ग्याकडे सापडली आणि त्याच वर्षी आपल्याकडेही आली, तिचं पुस्तिकेत नावसुद्धा नाही, आणि शेतकऱ्याचा मक्यासाठी फोन आला की बहुतेक वेळा तो हिच्यासाठीच असतो. म्हणून ठरलं की कीटक, रोग, खतं, बियाणं असे सगळ्या विषयांचे लोक एकाच गूगल डॉकवर बसून पुस्तिका नव्याने करू, "मका_फायनल_नवीन_2" वाल्या वर्ड फाइली ईमेलवर फिरवायच्या नाहीत.

पहिलं भांडण फॉन्टशी झालं. प्रेसवाल्याने दिलेली फाइल पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरची, मजकूर कृतिदेव या युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये, डॉकमध्ये पेस्ट केला की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. नेटवर फुकटचे कन्व्हर्टर मिळतात, त्यातून युनिकोड करून घेतलं, बरंचसं आलं, रफार इकडेतिकडे उडाले ते हाताने बसवता येतात, पण भीती वाटली ती दशांश चिन्हाची. कृतिदेवमध्ये टिंब हायफनच्या कीवर असतं, त्यामुळे काही ठिकाणी 0.4 मिलीचं 0-4 मिली होऊन आलं. वाचणारा शून्य ते चार मिली असंच वाचणार ना! मग साधा मजकूर कन्व्हर्ट केला पण औषधांचा एकही तक्ता कन्व्हर्ट केला नाही, सगळे छापील प्रत समोर ठेवून नव्याने टाइप केले. ज्या पानांची फाइलच सापडली नाही त्यांचे फोटो ड्राइव्हवर टाकून 'ओपन विथ गूगल डॉक्स' केलं, मराठी बऱ्यापैकी ओळखतं, आकडे मात्र तिथेही नजरेखालून घालावेच लागतात.

परवानगीचं म्हणाल तर मी सगळ्यांना एडिट दिलंच नाही, कमेंटपुरतं दिलं. कमेंटवाल्यालाही बदल सुचवता येतो, तो रंगीत दिसतो आणि एडिटरने मान्य केल्याशिवाय मूळ मजकूर हलत नाही. दोघातिघांना राग आला, "मॅडम, आमच्यावर विश्वास नाही का?" पण प्रश्न विश्वासाचा नव्हताच. विकासपीडिया या सरकारी माहितीच्या वेबसाइटवर नोंदणी करून बाहेरची माणसंही शेतीवर लिहू शकतात, आपणही तसं खुलं ठेवू असं एक मत होतं, आणि लागवडीचं अंतर, आंतरपीक, काढणी वगैरेसाठी ते मला पटतंही. औषधाच्या मात्रेसाठी नाही. ती कोणाच्या अनुभवावरून बदलायची गोष्ट नाही, विद्यापीठाची शिफारस संयुक्त ॲग्रेस्कोत, म्हणजे कृषी विद्यापीठांच्या एकत्रित संशोधन बैठकीत, मंजूर झालेली हवी आणि त्या औषधाला त्या पिकावर लेबल क्लेम, म्हणजे वापरायची अधिकृत मान्यता, हवा. म्हणून नियम केला की मात्रा बदलायची तर कमेंटमध्ये आधार चिकटवा, आधार नसेल तर कमेंट तशीच पडून राहील. फुली मारायची नाही, वाद घालायचा नाही. वाद निम्म्याहून जास्त तिथेच संपले.

एक निवृत्त सर होते, त्यांना स्क्रीनवर वाचायचंच नव्हतं. ते प्रिंटवर लाल पेनाने खुणा करून फोटो व्हॉट्सॲपला टाकायचे आणि मी त्या सूचना त्यांच्या नावाने डॉकमध्ये चढवायचे. खतांच्या पानावर अर्धे आकडे एकरी आणि अर्धे हेक्टरी झालेत हे त्यांच्याच लाल पेनाने पकडलं, आम्ही सगळे तिथून रोज जात होतो.

या सगळ्यात मला सगळ्यात कामाची वाटलेली सोय म्हणजे शीटमधला तक्ता. औषधांचा एकच तक्ता गूगल शीटमध्ये ठेवला, शेवटच्या रकान्यात फरिदाबादच्या केंद्रीय कीटकनाशक मंडळाच्या यादीशी कधी ताडून बघितलं ती तारीख. तिथून कॉपी करून डॉकमध्ये पेस्ट करताना 'लिंक टू स्प्रेडशीट' निवडायचं, मग शीटमध्ये काही बदललं की डॉकमधल्या तक्त्यावर अपडेटचं बटण येतं. पुस्तिका आणि घडीपत्रिका दोन्हीकडे हाच तक्ता, त्यामुळे एकीकडे बदललं आणि दुसरीकडे राहिलं असं होत नाही. फक्त ते बटण दाबायला माणूस लागतो, आपोआप होत नाही, हे लक्षात ठेवा.

कच्ची प्रत गावातल्या एका काकांना वाचायला दिली तर ते म्हणाले, "ताई, हे दहा लिटरला चार मिली ठीक, पण माझ्या पंपाला किती ते सांगा की." बरोबरच आहे, पंप कोणाचा पंधराचा, कोणाचा वीसचा. मग शीटमध्ये दोन रकाने वाढवले आणि सूत्र टाकलं. क्लोरॲन्ट्रानिलीप्रोल 18.5 एससी या अळीच्या औषधाच्या 10 लिटरला 4 मिलीसमोर 15 लिटरच्या पंपाला 6 आणि 20 च्या पंपाला 8 मिली, असं आपोआप येतं.

एवढं होऊनही प्रेसकडे गेल्यावर गाडी घसरतेच. मांडणी करणारा मुलगा शेवटच्या दुरुस्त्या फोनवर ऐकून थेट त्याच्या फाइलमध्ये करतो आणि डॉक मागे राहतो. त्याला सांगून ठेवलंय की डॉकमध्ये दिसल्याशिवाय एक अक्षर बदलायचं नाही, तरी चार्ट लावताना करतोच, म्हणून छापायच्या आधी त्याची पीडीएफ आणि डॉक शेजारी ठेवून निदान तक्ते तरी जुळवते.

व्हॉट्सॲपवर फिरणारी जुनी पीडीएफ परत बोलावता येत नाही, त्याला इलाज नाही. आता प्रत्येक पानाच्या तळाला महिना-वर्ष आणि क्यूआर कोड टाकतो. कोड स्कॅन केला की डॉकची वेबवर प्रकाशित केलेली ताजी प्रत उघडते, लॉगिन लागत नाही. पुढचा नंबर सोयाबीनचा आहे आणि त्याची फाइल प्रेसकडेही नाही, ड्रॉवरमध्ये एक छापील प्रत मिळाली आहे, तिची दोन पानं गायब.